मशीनला पटलेली म्हैस

चांदी मेली ती पहाटेच, आणि आक्काने सगळ्यात आधी काय केलं तर तिचं तोंड पुसलं.

घटसर्पाची साथ होती. म्हशीचा घसा सुजून टम्म झाला होता, जीभ बाहेर लोंबत होती, नाकातोंडाला फेस आला होता आणि डोळे सताड उघडे होते. असं तिला कुणी बघावं हे आक्काला पटेना. तिने बादली भरून आणली. फेस धुतला, जीभ आत सारली, जबडा मिटेना म्हणून जुन्या फडक्याने वरून बांधला. डोळे मिटवले. मग नवऱ्याला हाक मारून दोघांनी मिळून तिचे पाय दुमडून पोटाखाली घेतले आणि ती कलंडू नये म्हणून कुशीला कडब्याच्या पेंढ्या लावल्या. खालचं शेण उचललं, गोठा झाडला, भोवती चुना टाकला. एवढं करून आक्का मागे सरकली. चांदी रवंथ करता करता डोळा लागावा तशी बसली होती. एक शिंग वर, दुसऱ्याचा बुडखा. ते दुसरं शिंग तिने पारडी असतानाच गव्हाणीला धडका मारून मोडून घेतलं होतं.

"अगं, मेली ती," नवरा म्हणाला. "आता कुणाला दाखवायचीय?"

"सगळ्या गावाला. येतीलच की बघायला. अशी नको दिसायला."

"बघू," नवरा म्हणाला.

कुठल्याही गोष्टीला त्याचं उत्तर हेच असायचं. गोठ्याचं छप्पर गळतंय, बघू. लेकीला स्थळ आलंय, बघू. म्हणून गावाने त्याचं नावच बघू पाडलं होतं, आणि त्यालाही त्याचं काही वाटत नव्हतं. राग यायचा तो आक्काला. पण त्या दिवशी तिला राग यायलाही सवड नव्हती, रडायला तर नव्हतीच. चांदीची पारडी कोपऱ्यात दाव्याला हिसडे देत होती. तिची आचळाला लागायची वेळ झाली होती, आणि आई समोर बसलेली दिसत असून तिला कुणी सोडत नव्हतं.

दुभतं जनावर घरात तेवढं एकच होतं. चहाची दोन हॉटेलं, मास्तरणीचं घर आणि दवाखान्यातली नर्स, सगळ्यांना दूध आक्काचं. त्यावर घर चालायचं. बघू मिळेल त्या बांधावर मजुरीला जायचा आणि लेक भाजीच्या गोदामात निवडणीला, पण त्या कमाईला धड ना आकार ना भरवसा.

तरी हातपाय गाळायचं कारण नव्हतं. साथ सुरू झाल्यापासून सरकारने जाहीर केलं होतं की घटसर्पाने जनावर मेलं तर बदल्यात तसंच जनावर मिळेल. मेलेल्या जनावराशेजारी मालकाने उभं राहायचं, फोटो काढायचा, फोनवरून पाठवायचा. बस्स.

लेकीने फोन काढला. आक्काने केस सारखे केले आणि चांदीशेजारी ताठ उभी राहिली. फोटो छान आला. लेकीचा फोनच तसला होता, माणसाच्या अंगावरचे डाग आपोआप पुसून टाकायचा. त्याने आक्काच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या घालवल्या आणि जाता जाता चांदीच्या कातडीलाही तुकतुकी आणली.

थोड्या वेळाने फोन वाजला. लेकीने मेसेज वाचला.

"काय म्हणतात?" आक्काने विचारलं.

"म्हणतात, जनावर जिवंत असल्याचं दिसतं. अर्ज नामंजूर."

बघूला हसू फुटलं. आक्काने त्याच्याकडे असं काही पाहिलं की त्याने हसू गिळलं आणि उगाच दावं गुंडाळायला घेतलं.

चांदीच्या जबड्याचं फडकं सोडलं. डोळे उघडायचा प्रयत्न केला, ते आता उघडेनात. पाय ताठले होते, सरळ होईनात. तशीच बघूने तिला रेटून कुशीवर पाडली, तर ती दुमडल्या पायांसकट लाकडी खेळण्यासारखी आडवी झाली. लेकीने पुन्हा फोटो काढला. या वेळी उत्तर आणखी लवकर आलं.

"चित्र कृत्रिम असण्याची दाट शक्यता."

"म्हणजे काय?"

"म्हणजे आपण कॉम्प्युटरवर बनवलंय म्हणतात. खरी म्हैस नाहीच म्हणे."

आक्का खाली वाकली आणि चांदीच्या पाठीवर हात ठेवला. पाठ गार होती, पण होती.

*

तालुक्याच्या ऑफिसात पंखा फिरत होता आणि त्याखाली एक कारकून बसला होता. वाईट माणूस नव्हता. वैतागलेला होता. सकाळपासून त्याच्यापुढे मेलेल्या जनावरांचे फोटो सरकत होते, आणि खरं कुठलं नि खोटं कुठलं हे कळेनासं झाल्यावर माणूस सगळ्यांवरच चिडतो, तसं त्याचं झालं होतं.

"मावशी, माझ्यावर ओरडू नका," तो आक्काला म्हणाला. "योजना आली आणि ज्यांच्या घरात कोंबडी नाही त्यांच्या म्हशी पटापटा मरायला लागल्या. दोन शब्द टाइप केले की फोनमध्ये मेलेली म्हैस तयार. एका बहाद्दराची गाय पाच पायांची होती. ती पासही झाली! तिच्या बदल्यात चार पायांची नेली त्याने. तेव्हापासून वरून मशीन बसवलंय. फोटो आधी मशीनला पटला पाहिजे."

"मग त्याला पकडलं का? पाच पायवाल्याला?"

"कसं पकडणार? फोटो पाठवला त्याने. बनवला कुणी, कुठे बसून, कशावर, कुणाला माहीत? कायदा येणार आहे म्हणतात. आला की बघता येईल."

बघूने मान डोलावली. आक्काने त्याला कोपराने ढोसलं.

कारकुनाने पडदा तिच्याकडे फिरवला. "आता तुमचाच बघा. मी मशीन बाजूला ठेवतो, मला सांगा. मेलेलं जनावर असे पाय मुडपून पडतं का? अंगावर शेणाचा डाग नाही. जमीन बघा, कशी पांढरीफेक. कातडी बघा, आरशासारखी. मशीनला शंका येणार नाही तर काय?"

"चुना मी टाकलाय. पाय आम्ही दुमडले. धुतलंय मी तिला."

"का धुतलंत?"

का धुतलं? घरातलं माणूस गेलं तर कुणी विचारतं का, का धुतलं म्हणून?

"घाण झाली होती," ती शेवटी म्हणाली.

"तिथेच चुकलं," कारकून म्हणाला. अगदी मायेनेच म्हणाला, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. "घाण पाहिजे होती."

"मग चला ना घरी. तुम्ही चला, मशीनला घ्या. उभं करा तिच्याजवळ, वास घेऊ द्या. पटतंय का बघा."

"मशीनला नाक नाही मावशी."

त्याने सांगितलं की आता जागेवर तपासणी होईल, ढोरांचे डॉक्टर येतील, ते स्वतः फोटो काढून पाठवतील. तोवर जनावर पुरायचं नाही. पुरलं तर अर्ज बाद. कधी येतील ते सांगता येत नाही, डॉक्टर एक आणि गावं ढीगभर.

बाहेर पडताना लेकीने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे दोन पाट्या होत्या. एकीवर लिहिलं होतं, साथीत मेलेले जनावर त्याच दिवशी खोल पुरावे, न पुरणाऱ्यावर कारवाई होईल. दुसरीवर लिहिलं होतं, खोटे फोटो बनवणे गुन्हा आहे. दोन्ही पाट्या एकाच रंगात, एकाच अक्षरात, आणि खाली बारीक अक्षरात छापणाऱ्याचं नाव. समोरच्याच फोटोच्या दुकानाचं.

*

ऊन असं पडलं होतं की पत्र्याला हात लावता येत नव्हता. चांदी गोठ्यात ठेवणं शक्य नव्हतं, पारडी शेजारीच होती आणि साथ लागायची भीती. म्हणून बघू आणि शेजारचे दोघं यांनी दोर लावून तिला ओढत घरामागच्या परड्यात आणलं. ओढताना तिची धुतलेली कातडी खरचटली, मातीने माखली. आक्का मागे मागे चालत होती. आता काढा म्हणावं फोटो, तिच्या मनात आलं, आणि त्याच क्षणी स्वतःचीच चीड आली.

वरून ताडपत्री टाकली, कडेने दगड ठेवले. तरी दुपारपर्यंत पोट फुगलं आणि ताडपत्री वर उचलली जाऊ लागली. कावळे भिंतीवर जमले. कुत्री कुंपणाशी येऊन बसली, शहाण्यासारखी, काही घाई नसल्यासारखी. आक्का काठी घेऊन बसली. उठायची ती पारडीसाठी. पारडी बाटलीला तोंड लावत नव्हती. आक्काने बोट पाण्यात बुडवून तिला चोखायला दिलं, मग मास्तरणीकडून आणलेलं पावडरीचं दूध कोमट करून पाजायचा प्रयत्न केला. पारडी दोन घोट घेई आणि मान परड्याच्या दिशेने वळवून ओरडे. रोज दूध घेणारे ते लोक, आज आक्का त्यांच्याच दारात दूध मागायला गेली होती. मास्तरणीने डबा भरून दिला, चांगुलपणाने दिला, तरी परत येताना आक्काने डबा पदराआड धरला.

दुसऱ्या दिवशी शेजारीण कुंपणाशी आली, नाकाला पदर लावून.

"आक्का, आमच्या घरात जेवण उतरेना गं कुणाच्या घशाखाली."

"माझ्याही नाही उतरत."

"पुरून टाका ना."

"पुरलं तर म्हैस मिळत नाही."

"आणि साथ आमच्या गोठ्यात आली तर? आमची कोण देणार?" शेजारीण आवाज चढवून म्हणाली. "लोक काय म्हणतात माहितीय? म्हणतात, आक्काने म्हैस कधीच विकली, आणि परड्यात दुसऱ्याचं कसलं तरी मेलेलं आणून ठेवलंय. म्हणूनच म्हणे फोटो नापास झाला. मशीन उगाच कशाला नाही म्हणेल?"

आक्का उठली. ताडपत्रीचं टोक धरलं आणि फर्रकन मागे ओढलं. माशांचा एकच लोट उठला. "ये," ती म्हणाली. "ये आत. बघ शिंग. तुझ्या धाकट्याला हिचंच दूध पाजलंस ना वर्षभर? ओळख."

शेजारीण ओकारी आवरत पळाली. आक्काने ताडपत्री पुन्हा ओढली, दगड पुन्हा ठेवले. खरं बोलणाऱ्या माणसाला आपलं खरं असं उघडं करून दाखवावं लागावं, याची तिला मनस्वी लाज वाटली. इतकी वर्षं गावात दूध घातलं, पाण्याचा एक थेंब नाही मिसळला, आणि आज एका मशीनने नाही म्हटलं तर सगळ्यांना तेच खरं वाटू लागलं.

बघू मजुरीहून आला तेव्हा ती त्याच्यावर तुटून पडली. "जा की ऑफिसात! बस जाऊन त्यांच्या दारात!"

"गेलो होतो," बघू खाली बघत म्हणाला. "दुपारचा तिथेच होतो. मजुरी बुडवून. डॉक्टर दुसऱ्या गावाला गेलेत. मी विचारलं, मी उचलून आणू का म्हैस इथे? हसले सगळे."

आक्काने त्याला पाणी दिलं.

*

डॉक्टर आले ते मोटरसायकलवर, तोंडाला रुमाल बांधून, बूट चिखलाने भरलेले. सगळ्या पंचक्रोशीत हिंडून हिंडून त्यांचे डोळे लाल झाले होते. चांदीला ते ओळखत होते. तिच्या पहिल्या वेताला त्यांनीच खांद्यापर्यंत हात घालून पारडू फिरवलं होतं.

त्यांनी ताडपत्री काढायला लावली. तोंड न फिरवता जवळ गेले, खाली बसले, घसा चाचपला, शिंगाच्या बुडख्याला हात लावला.

"चांदीच आहे," ते म्हणाले. "घटसर्पच. यात तपासायचं काय आहे?"

आक्काला इतकं हायसं वाटलं की तिने भिंतीला टेकून घेतलं. कुणीतरी म्हणालं एकदाचं.

"मग लिहून द्या साहेब," बघू म्हणाला.

"लिहून दिलेलं चालत नाही आता. आमच्यातल्याच कुणीकुणी खोट्या म्हशींवर सह्या केल्या, तेव्हापासून आमच्या सह्याही गेल्या. फोटोच पाहिजे."

आक्काला चांदीशेजारी उभं केलं. डॉक्टरांनी स्वतःच्या फोनने फोटो काढला, पाठवला, आणि सगळे त्या फोनकडे बघत उभे राहिले. माशा घोंगावत होत्या. पारडी ओरडत होती. फोन वाजला.

डॉक्टरांनी वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग एक अशी शिवी हासडली की लेकीने मान फिरवली.

"काय झालं?"

"संशयास्पद म्हणतंय. शरीराचा आकार नैसर्गिक वाटत नाही म्हणे." त्यांनी फोन खिशात कोंबला. "फुगलेली आहे ना ती! फुगणारच! तीन वेळा एकाच अर्जावर वेगवेगळे फोटो आले, आधी बसलेली, मग आडवी, मग ही अशी. त्यामुळे आणखी संशय. अहो, मी इथे उभा आहे, माझा हात तिच्या घशावर आहे, आणि माझ्या हातावर विश्वास नाही!"

"मग तुम्ही सांगा ना वर."

"कुणाला सांगू? फोन केला तर म्हणतात, मशीनचा निर्णय आम्हाला बदलता येत नाही. मशीन ज्यांनी बसवलं ते म्हणतात, आम्ही फक्त शक्यता सांगतो, निर्णय ऑफिसचा. मधल्या मध्ये मी." त्यांनी त्या फुगलेल्या पोटावर ताडपत्री ओढली. "आक्का, पुरून टाका. पुरा असं मी लिहून देऊ शकत नाही. पण पुरा. गावात साथ पसरेल."

"आणि अर्ज?"

डॉक्टरांनी हात धुवायला पाणी मागितलं. आक्काने तांब्याने त्यांच्या हातावर पाणी घातलं, साबण दिला. ते घासून घासून हात धूत राहिले.

खड्डा खणायला बघू आणि आक्का दोघंच लागली. परड्याच्या टोकाला जमीन मुरमाड होती. कुदळ ठणठणत होती. बघू खणायचा, आक्का घमेल्याने माती वर फेकायची. घामाने कपडे अंगाला चिकटले, तळहातांची सालं निघाली. लेक गोदामातून आली आणि तशीच फावडं घेऊन खड्ड्यात उतरली. ऊन कललं तेव्हा कुठे खड्डा चांदीपुरता झाला. दोर लावला, ओढलं. चांदी धप्पकन आत पडली आणि पोटातला वारा निघून गेला. आक्काने चुना टाकला. तिच्या मनात आलं की आता काही तरी वाटायला हवं, डोळ्यांत पाणी यायला हवं. पण तिला फक्त एवढंच वाटलं की सुटलो. मग त्याचंही वाईट वाटलं. माती ओढता ओढता ती स्वतःशीच म्हणाली, थांब, तुझ्यासाठी नंतर रडते, नीट बसून. आधी तुझ्या पोरीचं बघू दे.

*

पारडीने बाटली पूर्ण सोडली. पाय लटपटू लागले. डॉक्टर म्हणाले होते की दुसऱ्या दुभत्या म्हशीला लावून बघा, पण साथीच्या दिवसांत आपल्या म्हशीखाली परकी पारडी कोण घेणार? आक्का चार घरं फिरली. चारही घरांनी बसायला दिलं, पाणी दिलं, आणि नाही म्हटलं.

तेव्हा बघूने 'बघू' न म्हणता स्वतःच मार्ग सुचवला. "फोटोच्या दुकानात जाऊ," तो म्हणाला. "सगळे तिथूनच करून घेतात."

"खोटा फोटो?"

"म्हैस खरी आहे ना आपली? मेली ती खरीच ना?"

लेक म्हणाली, "आई, नको. पकडलं तर?"

"खरा फोटो दिला तर पकडतायत," आक्का म्हणाली आणि पायात चपला सरकवल्या.

दुकानदार गोड माणूस होता. लग्नाचे फोटो, ओळखपत्राचे फोटो, ऑफिसच्या पाट्या, सगळी कामं त्याच्याकडे. आक्काने सगळं सांगितलं. त्याने मान हलवत ऐकलं.

"खरे फोटो पाठवत बसलात, तिथेच फसलात," तो म्हणाला. "खऱ्यात नाही नाही ते येतं. ऊन वेडंवाकडं पडतं, पोट फुगतं. मशीनला कसं पाहिजे ते मला ठाऊक आहे. तुमच्या ओळखपत्रावरचा चेहरा घेतो, बाकी बनवतो. दुसऱ्या फोनवरून नवा अर्ज टाकू, जुना विसरा."

त्याची बोटं चालली. पडद्यावर एक म्हैस उगवली, आडवी, पाय पसरलेली, जीभ बाहेर, तोंडाला बेताचा फेस. शेजारी मातीत एक बाई बसली होती, एक हात म्हशीच्या मानेवर, तोंड वासून रडणारी, गालांवर पाण्याचे ओघळ.

आक्का पुढे वाकली. चेहरा तिचाच होता. पण असा चेहरा तिने जन्मात कधी केला नव्हता.

"रडायला कशाला लावलंत मला?"

"रडणारी बाई असली की मशीन नाही म्हणत नाही. मालकीण अगदी साधी उभी असली की त्याला खरं वाटत नाही."

"आणि म्हशीला दोन शिंगं?"

"म्हशीला दोनच असतात की."

"आमच्या चांदीला एकच होतं."

दुकानदाराने बोटं उचलली. "एक करू? करतो. पण सांगून ठेवतो, एका शिंगाची म्हैस मशीन अडवेल. त्याला वाटेल चित्र काढताना चुकलंय."

बघूने आक्काकडे पाहिलं. लेक दाराबाहेर पाठ करून उभी होती. आक्काच्या डोळ्यापुढे पारडीचे लटपटणारे पाय आले.

"राहू द्या दोन," ती म्हणाली.

फोटो गेला. दुकानदाराने चहा मागवला. चहा यायच्या आधी उत्तर आलं. मंजूर.

*

नवी म्हैस टेम्पोतून आली तेव्हा अर्धी गल्ली गोळा झाली. चांगली भरल्या कासेची होती, वाटेत पान्हा दाटून आचळं ताणलेली. पारडीला वास लागला आणि उठवत नसताना ती पुढचे गुडघे टेकून उठायला धडपडू लागली. टेम्पोबरोबर डॉक्टर आले होते. जनावर हवाली करायचं काम त्यांचंच.

त्यांनी फोन उघडून मंजूर झालेला फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला. दोन शिंगं पाहिली. मग परड्याच्या टोकाच्या त्या ताज्या मातीकडे पाहिलं, आक्काकडे पाहिलं. आक्काने मान खाली घातली नाही.

"एकच बाकी आहे," ते म्हणाले. "फोटोतली मालकीण आणि समोरची मालकीण एकच आहे हे मशीनला पटलं पाहिजे. मग टेम्पोचं फळकं उघडायचं. इथे बघा."

आक्काने फोनकडे पाहिलं. फोन किंचाळला.

"चेहरा जुळत नाही," डॉक्टर म्हणाले.

पदर सारखा केला, उन्हात उभं केलं, सावलीत उभं केलं. जुळेना. टेम्पोवाला म्हणाला, अजून तीन गावं करायचीत, जमत नसेल तर परत नेतो. गल्लीतल्या बायका कुजबुजल्या. शेजारीण सगळ्यांच्या पुढे उभी होती.

डॉक्टर हलकेच म्हणाले, "आक्का, फोटोत तुम्ही रडताय. तोंड तसं आहे. म्हणून जुळत नाही. जरा... तसं करता का?"

"कसं?"

"रडल्यासारखं."

आक्काच्या अंगाची आग झाली. "माझ्या म्हशीसाठी मी अजून रडले नाही डॉक्टर! वेळच दिला नाही कुणी मला! आणि तुमच्या फोनसाठी रडू? इतक्या माणसांपुढे?"

डॉक्टरांचा फोन धरलेला हात खाली आला. त्यांच्या तोंडावरून रुमाल सुटला होता तोही त्यांनी बांधला नाही. टेम्पोत म्हैस हंबरली. पारडीने गोठ्यातून उत्तर दिलं आणि पुन्हा गुडघ्यांवर कोसळली.

"अगं, कर ना," बघू म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "मी हात जोडतो. कर."

आक्काने डोळे मिटले. त्या बाईचं तोंड आठवलं. तसं वासलं. ओठ वाकडे केले, भुवया वर ओढल्या, मान तिरकी केली. गल्लीत कुणीतरी फिस्सकन हसलं. डॉक्टर फोन धरून म्हणाले, "अजून थोडं." तिने अजून थोडं केलं.

"जुळलं," डॉक्टर म्हणाले आणि तोंड फिरवून टेम्पोवाल्याला खूण केली.

फळकं उघडलं. म्हैस उतरली. पारडीला उचलून तिच्या कासेला लावलं. म्हशीने आधी लाथ झाडली, हुंगलं, पुन्हा लाथ झाडली. मग आक्काने तिच्या पाठीवर थाप मारत, मानेखाली खाजवत तिला बोलण्यात गुंतवलं, तेव्हा तिने सोसलं. पारडी ढुसण्या देत प्यायला लागली, तोंडाच्या कडेने दूध ओघळलं. बघू खाली बसून बघत राहिला. लेक पहिल्यांदा हसली. गल्ली पांगली.

पारडी पिऊन झोपली. आक्का चरवी घासून ठेवून परड्याच्या टोकाला गेली. मातीचा ढीग थोडा खचला होता, त्यावर कुत्र्यांच्या पंजांचे ठसे होते. तिने दोन दगड आणून वर ठेवले आणि शेजारी बसली. आता काम नव्हतं. घाई नव्हती. कुणी बघत नव्हतं. तिने चांदीचं तोंड आठवलं, ती आत सारलेली जीभ आठवली, मोडकं शिंग आठवलं, आणि रडू येऊ लागलं.

तोंड आपोआप वाकडं झालं, ओठ ओढले गेले, भुवया वर गेल्या. आणि ते तोंड आक्काने ओळखलं. फोटोतल्या बाईचं होतं.

तिने तिथल्या तिथे ते मिटून टाकलं. थोडा वेळ दोन्ही तळहात तोंडावर दाबून बसली. मग संध्याकाळची धार काढायची वेळ झाली, तेव्हा उठली.